मोर्पेथ कुठं आलं?

हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये साधारण १३०० सालचा जगाचा नकाशा आहे, वासराच्या एका अख्ख्या कातड्यावर काढलेला. पूर्व दिशा वर, मधोमध जेरुसलेम, आणि आपला हिंदुस्थान पार वरच्या बाजूला, पाठीवर बुरूज घेतलेल्या हत्तीसकट. ब्रिटन डावीकडे खाली, कडेला दाबून बसवलेलं. नकाशा काढणाऱ्याला जिथली माहिती होती तिथं त्यानं गावं लिहिली. जिथली नव्हती तिथं छातीत तोंड असलेली आणि एकाच भल्यामोठ्या पायाची सावली करून पडलेली माणसं काढली. फुटबॉलच्या प्रवासाला मी या नकाशापासून निघालो, कारण इथून चालत जाण्याच्या अंतरावर एडगर स्ट्रीटचं मैदान आहे. २२ मे २०१६ रोजी तिथल्या संघाला वेम्ब्लीवर एफए व्हाज या छोट्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळायचा होता, मोर्पेथ टाउन नावाच्या संघाशी. वेल्सच्या सीमेलगतचं हेरफर्ड आणि स्कॉटलंडकडे तोंड करून असलेलं मोर्पेथ यांच्यात साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. ते आगगाडीनं कापताना मला एक मुद्दा तपासून पाहायचा होता. छोट्या क्लबांना कपमध्ये भेटणारा खरा अनोळखी प्रतिस्पर्धी कुणी बलाढ्य नसतो. तो आपल्याच तोलाचा, पण दूरच्या मुलखातला असतो, आणि त्याची वाट पाहण्यातच या स्पर्धांचा जीव आहे.

गाडी मॉल्व्हर्नच्या डोंगरांपाशी येते आणि पुढे वूस्टरमार्गे बर्मिंगहॅमकडे जाते. हाच पट्टा हेरफर्डच्या चाहत्यांचा त्या वर्षीचा रोजचा मुलूख होता. जुना हेरफर्ड युनायटेड क्लब डिसेंबर २०१४ मध्ये बुडाला. चाहत्यांच्या पाठबळावर उभा राहिलेला नवा क्लब २०१५ मध्ये नवव्या पायरीवरच्या मिडलँड लीगमधून खेळायला लागला. इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांतले ९२ क्लब म्हणजे ‘लीग’, त्याखालचे सगळे ‘नॉन-लीग’. पायरी जितकी खालची तितका मुलूख लहान, कारण या क्लबांना लांबचा प्रवास परवडत नाही. त्यामुळे वर्षभर समोर येतात ते शेजारीच. कोल्हापुरात एका पेठेची तालीम दुसऱ्या पेठेच्या खेळाडूंना जशी घरच्यासारखी ओळखते, तसंच हे. कुणाचा गोलरक्षक उंच चेंडूला कचरतो, कुणाच्या मैदानाला उतार आहे, कुठं खायला बरं मिळतं, सगळं पाठ. कपचा ड्रॉ निघतो तेव्हा ही कुंपणं पडतात. तीही एकदम नाही. सुरुवातीच्या फेऱ्या प्रदेश वाटूनच होतात, आणि संघ जसजसा पुढे सरकतो तसतसा नकाशा उलगडत जातो. मग प्रश्न सुरू होतात. हे गाव कुठं आलं? तिथं जायला गाडी आहे का? परतीची शेवटची किती वाजता? आपल्याला ठाऊक असलेल्या एखाद्या संघाशी ते कधी खेळलेत का? अशा समाईक प्रतिस्पर्ध्याचा धागा सापडला की चाहते त्याच्यावर अख्खा अंदाज उभा करतात, आणि तो बहुतेक वेळा कोसळतो.

बर्मिंगहॅमला गाडी बदलून डर्बी, शेफील्ड, यॉर्क, डरॅम असं न्यूकासलपर्यंत जायचं. हेरफर्डच्या लोकांना ही दिशा नवी नव्हती. १९७२ मध्ये एफए कपच्या तिसऱ्या फेरीत त्यांचा जुना क्लब पहिल्या श्रेणीतल्या न्यूकासल युनायटेडकडे गेला, तिथं २-२ अशी बरोबरी केली, आणि ५ फेब्रुवारीला एडगर स्ट्रीटच्या चिखलात फेरसामना २-१ ने जिंकला. सुतारकाम करणाऱ्या रॉनी रॅडफर्डनं लांबून मारलेला तो गोल इंग्लंडमध्ये आजही दाखवतात. विजयी गोल मात्र जादा वेळेत रिकी जॉर्जचा होता, हे लोक विसरतात. कपची महती सांगणारा कुणीही याच सामन्याचा दाखला देतो, आणि माझ्या मुद्द्याला पहिला आक्षेप इथूनच येतो: चाहत्यांना हवा असतो तो मोठा मासा, कुठलं मोर्पेथ नव्हे. पण नीट पाहिलं तर न्यूकासल हेरफर्डला अनोळखी होतं कुठं? त्यांचा आघाडीवीर माल्कम मॅक्डोनाल्ड कसा धावतो आणि कुठल्या पायानं मारतो हे शाळकरी पोरांना ठाऊक होतं. त्या सामन्यात भीती होती, आशा होती, कुतूहल फारसं नव्हतं. मोठ्या क्लबची वाट पाहणं म्हणजे पडद्यावरच्या नटाला दारात बघायची वाट पाहणं. मोर्पेथच्या बाबतीत चाहत्यांच्या मनात असं आयतं चित्रच नव्हतं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त वजनदार आहे. जानेवारी २०२१ मध्ये एफए कपसाठी लिव्हरपूलजवळच्या मरीन या तेव्हा आठव्या पायरीवर असलेल्या क्लबकडे लंडनचा बडा टॉटनहॅम आला. कोविडमुळे मैदान प्रेक्षकांविना होतं, म्हणून क्लबनं दहा पौंडांची आभासी तिकिटं काढली आणि ती तीस हजारांहून जास्त खपली. मरीन ०-५ हरला, पण त्या पैशानं क्लबला मोठा आधार मिळाला. मोर्पेथच्या नावावर अशी तिकिटं खपली नसती, हे मान्य. पण खजिनदाराला काय हवं आणि स्टँडमध्ये उभ्या माणसाला काय हवं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. टॉटनहॅम आयुष्यात एकदा येतो. दर वर्षी चाहत्याला कपकडे ओढतं ते न पाहिलेलं मैदान. शिवाय मोठ्यांकडून होणारी कमाईही आता आटते आहे. २०२४-२५ पासून एफए कपच्या मुख्य फेऱ्यांतले फेरसामने बंद झाले. जानेवारी २०२५ मध्ये टॅमवर्थ या नॉन-लीग क्लबनं घरच्या मैदानावर टॉटनहॅमला नव्वद मिनिटं गोलशून्य रोखलं. आधीच्या नियमानं त्यांना लंडनची फेरी आणि तिथल्या तिकिटांचा वाटा मिळाला असता. त्याऐवजी जादा वेळ झाला आणि तीन गोल पत्करून विषय संपला. वेळापत्रक दाटलंय हे मोठ्या क्लबांचं म्हणणं खोटं नाही, पण त्या दाटीची किंमत टॅमवर्थनं का मोजावी, याचं धड उत्तर मला कुठं सापडलेलं नाही.

तिसरा आक्षेप असा की मोबाइलवर सगळं दिसत असताना कुणी अनोळखी उरतच नाही. २०१६ पुरतं तर हे आणखी जोरात म्हणता येईल. मोर्पेथ ज्या नॉर्दर्न लीगमध्ये खेळायचा ती १८८९ पासून चालू आहे, आणि २००९ ते २०१५ या सात वर्षांत तिच्या संघांनी सहा वेळा व्हाज जिंकली होती. कारणही उघड होतं. इंग्लंडच्या ईशान्येतले चांगले क्लब प्रवासखर्चाच्या धास्तीनं वरच्या पायरीवर जायला नाखूश असत, त्यामुळे तिथं ताकद साचून राहिली होती. म्हणजे हेरफर्डला सावध व्हायला पुरेशी माहिती होती. पण लीगचा लौकिक कळणं आणि संघ कळणं यात फरक आहे. चित्रफितीत गोल दिसतात. बाकीची ऐंशी मिनिटं कोण कुणावर ओरडतो, पिछाडीवर पडल्यावर संघ कसा वागतो, हे दिसत नाही.

आणि नेमकं तेच त्या दुपारी निर्णायक ठरलं. हेरफर्डचे हजारो चाहते वेम्ब्लीवर होते. त्याच दिवशी एफए ट्रॉफीचाही अंतिम सामना होता, आणि दोन्ही मिळून ४६,७८१ प्रेक्षक आले. हेरफर्डनं सुरुवातीलाच गोल केला. मग मोर्पेथला बरोबरी साधून दिली ती ख्रिस स्वेल्स या पंचेचाळीस वर्षांच्या बचावपटूनं. शेवट ४-१, मोर्पेथच्या बाजूनं. ज्याचे खेळाडू पोराटोरांना पाठ होते त्या न्यूकासलला हेरफर्डनं हरवलं होतं, आणि त्याच न्यूकासलच्या जरा उत्तरेच्या, नकाशात शोधावं लागणाऱ्या गावाकडून ते हरलं. एका निकालानं सिद्धान्त ठरत नाही, हे मला कबूल आहे. अंतिम सामना तटस्थ मैदानावर असतो, त्यामुळे एकमेकांच्या गावी जाण्याचा भाग इथं हुकलाच. तेव्हाची दोन सामन्यांची उपांत्य फेरी त्या दृष्टीनं उजवी होती. हेरफर्डनं ती सॉल्झबरीशी, आपल्यासारख्याच बुडून पुन्हा उभ्या राहिलेल्या क्लबशी खेळली होती.

न्यूकासल सोडल्यावर थोड्याच वेळात मोर्पेथ येतं. स्टेशनाजवळ रुळांना इतकं तीव्र वळण आहे की तिथं गाड्या घसरून अपघात झालेले आहेत. वॉन्सबेक नदीच्या काठचं हे बाजाराचं गाव. मताधिकारासाठी लढताना १९१३ च्या डर्बी शर्यतीत घोड्याखाली सापडलेल्या एमिली डेव्हिसनची कबर इथंच आहे. क्लबचं टोपणनाव ‘हायवेमेन’, म्हणजे वाटमारे, आणि त्यांचं क्रेक पार्क हे मैदान गावाच्या कडेला आहे. एडगर स्ट्रीटवर मोठ्या सामन्याआधी हेरफर्ड जातीचा बैल मैदानाभोवती फिरवण्याची जुनी प्रथा आहे. तसला थाट इथं शोधू नये.

उलट दिशेनं हेरफर्डला गेलात तर मैदानाआधी तो नकाशा जरूर पाहा. पण त्यावर खुद्द हेरफर्ड शोधताना डोळे ताणावे लागतील. शतकानुशतकं ‘आपण इथं’ म्हणून बोट ठेवणाऱ्यांनी ती जागा जवळजवळ पुसून टाकली आहे.