पालक शिजवलेलं पाणी

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं वालूर हे जुन्या बारवांचं गाव. या मुलखात ज्वारीच्या भाकरीसोबत पालकाचा गरगट्टा शोभतो: पालक, तुरीची डाळ, मूठभर शेंगदाणे शिजवून रवीनं घोटायचं आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. काम सोपं दिसतं, पण रांधणारीचा हात जुडी धुतानाच ओळखू येतो. पाला भरपूर पाण्यात बुडवून हातानं वर उचलायचा. भांडं उपडं केलं तर तळाची काळी माती परत पाल्यावरच बसते.

पालक खाल्ल्यावर दात करकरतात, ते ऑक्झॅलेटमुळे. हेच ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. दुधातलं चौथ्या हिश्श्याहून अधिक कॅल्शियम अंगी लागतं, पालकातलं जेमतेम ५ टक्के. मुतखड्यांतही सर्वाधिक प्रमाण कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या खड्यांचं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम फार जातो आणि पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, म्हणून इथं ही गोष्ट हलक्यानं घेऊ नये.

उपाय चुलीवरच आहे. पाला भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की ऑक्झॅलेटचा मोठा वाटा निघून जातो. मात्र त्याच पाण्याबरोबर फोलेट आणि क जीवनसत्त्वही जातं, आणि फोलेट तर गरोदर बाईला फार मोलाचं. तेव्हा घरात मुतखड्याचा त्रास असेल तर पाणी ओतावं. नसेल तर थोड्या पाण्यात, थोडाच वेळ शिजवून ते भाजीतच जिरवावं. सगळ्यांना एकच रीत लावणं बरोबर नाही.

पालकात चुका मिसळण्याची चाल आहे. चव सुरेख येते, पण चुक्यातही ऑक्झॅलेट भरपूर असतं. खड्याचा त्रास असलेल्यानं ही जोडी टाळावी. त्याच्या ताटात गरगट्ट्याशेजारी दह्याची वाटी हवी: दह्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधतं, मूत्रपिंडापर्यंत कमी जाऊ देतं.

लोहाचं कौतुक थोडं आवरावं. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यातलंही थोडंच शोषलं जातं. भाजी खाली उतरवल्यावर लिंबू पिळलं तर शोषण वाढतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं.

रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालक एकाएकी वाढवू नये, एकाएकी सोडूही नये. त्यातलं के जीवनसत्त्व या औषधाच्या उलट काम करतं. किती खायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा.