हयातीचा दाखला

आपण जिवंत आहोत हे आजीला दर नोव्हेंबरात सांगावं लागतं. आजोबा रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर तिला फॅमिली पेन्शन सुरू झाली आणि तिच्यासोबत हे सांगणंही. सकाळच्या एसटीनं कुर्डुवाडी, स्टँडवरून पायी बँक, रांग, फॉर्म, सही. सही म्हणजे अंगठा. गुडघे गेल्यापासून परत आली की दोन दिवस अंथरुणात.

२०१४ मध्ये केंद्र सरकारनं ‘जीवन प्रमाण’ सुरू केलं. बोट मशीनवर ठेवायचं, आधारशी जुळलं की दाखला तयार. पण आजीचं बोट जुळेना. सेंटरवरचा पोरगा म्हणाला, “आजी, पदराला पुसा. आता केसांवरून फिरवा, जरा तेल लागू द्या.” तिनं सगळं केलं. जन्मभर खुरपं धरून रेषाच झिजल्यात, त्याला तेल काय करणार? शेवटी तिनं त्यालाच विचारलं, “म्हंजी मी मेले का रं?”

पुन्हा बँकेची रांग.

२०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली, तीही साध्या स्मार्टफोनवर. मला ती कळायला बराच उशीर झाला. ऐंशीच्या पुढच्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, आणि आजी ब्याऐंशीची. गेल्या ऑक्टोबरात गावी गेले तेव्हा म्हटलं, उरकून टाकू. नेटवर्क फक्त गोठ्यापाशी येतं, म्हणून तिला म्हशीशेजारी खुर्चीत बसवलं. आधी ऑपरेटर म्हणून माझा चेहरा, मग तिचा.

“आजी, डोळे मिचकाव.”

“या वयात? कुनाला?”

तिसऱ्या खेपेला जुळलं. मेसेज आला. दहा मिनिटांत काम झालं, आणि मला कोण अभिमान वाटला!

“म्हंजी आता बँकंला जायाचं न्हाय?”

“नाही, आजी. आता कधीच नाही.”

ती काही बोलली नाही. मला वाटलं, सुटली एकदाची.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. बँकेत कुणी ओळखीचं आहे का, विचारत होती. तिला पैशांची चौकशी करायची नव्हती. लाइनीवरच्या क्वार्टरमध्ये शेजारी राहिलेल्या तिघी, सगळ्या गँगमनच्या बायका, आता वेगवेगळ्या गावांत. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी चौघी बँकेत भेटायच्या. अंगठा झाला की स्टँडवर भजी खायच्या. फोन नंबर कुणाकडे कुणाचाच नाही. जी आली नाही, तिचं काय ते बाकीच्यांनी समजायचं. पूर्वी सहा जणी होत्या म्हणे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही तिच्यासोबत कधी गेले नव्हते.

पहिला सोमवार टळून गेला होता. तरी पुढच्या सोमवारी रजा टाकली, जीप केली आणि तिला घेऊन गेले. दारातल्या गार्डनं विचारलं, “काय काम आहे, मावशी?”

“काम न्हाय. बायका बगायला आलेय.”

त्यानं बाकाकडे बोट दाखवलं. अकराच्या सुमारास दोघी आल्या. आजीला गेल्या सोमवारी न बघून घाबरल्या होत्या, म्हणून पुन्हा आल्या होत्या. एकीनं तर आल्या आल्या आजीच्या पाठीत धपाटा घातला.

तिसरी दोन्ही सोमवारी नव्हती.

“तिच्या नातवानंबी मोबाइलवर केलं आसंल,” आजी म्हणाली. भजी खायला मात्र ती दोन वाजेपर्यंत उठली नाही. दाराकडं बघत बसली.