नव्या भिंतीवरच्या रेघोट्या

दिवाळीच्या आधी घराला रंग देण्याची चाल ज्याने पाडली, त्याच्या घरात चार वर्षांचा मुलगा नसावा. गेल्या वर्षी आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांना ह्यांनी मोठ्या हौसेने फिकट पिवळा रंग काढून घेतला. तो पुरता वाळायच्या आतच आमच्या धाकट्याने दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक आगगाडी काढली. इंजिन, अकरा डबे आणि प्रत्येक डब्याच्या खिडकीत एक माणूस! हातात तळणीचा झारा, गॅसवर चकल्या, आणि थोरली ताईगिरी करीत ओरडत आलेली, "आई, बघ त्याने काय केलं!" मी गॅस बंद केला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. जरा जोरातच बसला. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. रात्री न जेवताच झोपला आणि मी चकल्यांचा डबा भरता भरता डोळे पुसत बसले. आईपणाचा हा व्यवहार सगळ्याच बायकांना ठाऊक आहे. दिवसा मारायचे आणि रात्री पांघरूण सारखे करायचे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांचे माहेर महाड तालुक्यातल्या एका वाडीत. भाऊबीज झाली की त्या चार दिवस तिकडे जातात. माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "मुलांना घेऊन चल माझ्याबरोबर. भात झोडताना बघतील, पेंढ्यात लोळतील. तिथं भिंतीच मातीच्या, कितीही रेघोट्या मारू देत." हे तर बॅग भरायलाच धावले. दोन दिवस घरात शांतता मिळणार, हा आनंद त्यांना लपवता येईना.

दोन मुलांना घेऊन एसटीने मुंबई-गोवा रस्त्याने जाणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. पनवेल येईपर्यंत खिडकीवरून भांडण, पेणला पाणी संपले, नागोठण्याच्या पुढे सुकेळी खिंडीत धाकट्याने सकाळचे सगळे फराळाचे ओकून काढले. समोरच्या आजोबांनी न बोलता लिंबू काढून दिले. कंडक्टरने पिशवी दिली. एरवी गर्दीत एकमेकांना कोपरे मारणारी माणसे लहान मूल आजारी दिसले की कशी मऊ होतात, हे पाहायला एसटीसारखी दुसरी जागा नाही. माणगावला चहा झाला, आणि धाकटा पुन्हा खायला मागू लागला.

लोणेरे मागे पडले आणि थोड्या वेळाने काकू एकदम गप्प झाल्या. दासगाव आले होते. उजवीकडे सावित्रीची खाडी, डावीकडे डोंगर. "२००५ साली जुलैत हाच डोंगर खाली आला," त्या म्हणाल्या. "इथं, आणि पलीकडे जुईला."

"डोंगर का पडतो?" थोरलीने विचारले. सात वर्षांच्या मुलीचे प्रश्न टाळता येत नाहीत. मी तिला माझ्यापरीने सांगितले. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्टच्या थरांचा. वरचा दगड हजारो वर्षे ऊनपाऊस खाऊन कुजतो, त्याची माती होते. उतारावर ती माती गोधडीसारखी पसरलेली असते. पावसाचे पाणी तिच्यात मुरते, खालच्या घट्ट दगडाला अडते आणि साठत जाते. मग गोधडी भिजून जड होते आणि एखाद्या दिवशी दगडावरून घसरते. "म्हणजे डोंगर वाईट नसतो," तिने आपला निकाल दिला.

महाडला उतरून रिक्षाने वाडीवर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. पुढचा दिवस मुलांनी नुसता लुटला. खळ्यात भाताचे भारे झोडणे चालू होते. आमची दोघे पेंढ्यात इतकी लोळली, की संध्याकाळी अंगाला खाज सुटून रात्रभर मला खोबरेल चोळत बसावे लागले. तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी घरी कधी न खाणाऱ्या थोरलीने दोनदा मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी काकूंना तळीयेला जायचे होते. तिथे त्यांचे नात्यातले एक घर. फराळाचा डबा पोचवायचा होता. मी मनातून कचरले. मुलांना अशा ठिकाणी न्यावे का? काकू म्हणाल्या, "तिथंही पोरं आहेत की. त्यांचीही दिवाळी आहे."

तळीये हे नाव आता कुणाला सांगावे लागत नाही. २२ जुलै २०२१, गुरुवार. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सोलापूर जिल्ह्याला साऱ्या वर्षात मिळतो साधारण तेवढा. सावित्री तिथेच उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. महाड शहर पाण्यात गेले, रस्ते बुडाले, फोन बंद पडले, आणि त्याच दिवशी दुपार कलताना तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. मदतीच्या तुकड्या पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच पावसाने पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून माणसे दगावली.

कोकणातल्या वाड्यांची घडण अशी, की बाप मुंबई-पुण्याला चाकरीवर आणि आई, आजी, मुले गावी. त्या वर्षी करोनामुळे लहान वर्गांच्या शाळाही बंद होत्या. म्हणजे ती मुले घरीच असणार. पावसाने कोंडलेल्या दुपारी घरात कोंडलेली मुले काय करतात, ते मला माहीत आहे. कुणी खाऊ मागत असेल, कुणी भावाच्या झिंज्या ओढत असेल, कुणाला नुकताच धपाटा बसला असेल. डोंगराच्या उघड्या लाल उताराकडे बघताना माझ्या मनात हाच विचार येत होता. आता त्याच्यावर गवत उगवले आहे. धाकट्याचा हात मी इतका घट्ट धरला होता, की तो म्हणाला, "आई, दुखतंय."

वाचलेल्या माणसांनी आधी कंटेनरच्या घरांत दिवस काढले, आणि मग म्हाडाने बांधलेली नवी घरे त्यांना मिळत गेली. सारख्याच आकाराची, ओळीने उभी असलेली घरे. जुन्या वाडीत प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी असते. कुणाची पडवी मोठी, कुणाचा गोठा घराला लागून. इथे काकूंनाही दार ओळखायला थांबावे लागले. आणि मग त्यांना ते आवाजावरून ओळखता आले.

आतून एक बाई ओरडत होती. "किती वेळा सांगितलं भिंतीला हात लावू नको म्हणून! नवीन भिंत, आणि ही काय अवकळा केलीस!" आम्ही दारात गेलो. तीनेक वर्षांची एक मुलगी चुलीतला कोळसा हातात धरून उभी. भिंतीवर तिच्या उंचीएवढ्या भागात काळ्या रेघोट्यांचे रान माजले होते. आई हात उगारून होती. पाहुणे बघून हात खाली आला, ती ओशाळली.

ओटीवर एक म्हातारी बसली होती. ती हसत होती. मला म्हणाली, "बाय, ह्या घरात आलो तेव्हा कोण कुणाला ओरडायचं नाय. पोरांनी सांडलं तरी नाय, फोडलं तरी नाय. समदी गप. आता ही ओरडते, तर मला बरं वाटतं."

पुनर्वसन हा शब्द मी वर्तमानपत्रात कितीदा वाचला असेल. त्याचा अर्थ त्या ओटीवर कळला. घरे बांधून होतात, किल्ल्या मिळतात, पण मुलाने भिंत खराब केली म्हणून आईला पुन्हा राग येण्याइतके मन निर्धास्त व्हायला वर्षे लागतात. आमच्या धाकट्याने ती भिंत नीट न्याहाळली. त्या मुलीच्या हातातला कोळसा मागून घेतला आणि खाली बसून एक इंजिन काढले. कोणी काही बोलले नाही.

चहा घेताना ती आई सांगत होती, की आता पावसाळ्यात इशारा आला की डोंगराखालच्या वाड्यांतून माणसांना सुरक्षित जागी हलवतात. मुलांना घेऊन रात्री निघायचे म्हणजे काय ते तिच्याकडून ऐकावे. एकाला ताप, दुसऱ्याला शेळी सोडून यायची नाही, तिसऱ्याचे दप्तर राहिलेले. म्हणून जूनपासूनच काही घरांत एक पिशवी भरून ठेवलेली असते. औषध, बिस्किटे, कोरडे कपडे, बॅटरी, शाळेची पुस्तके. आणि मोठ्या माणसांबरोबर मुलांनाही आता ठाऊक असते, की जमिनीला भेग दिसली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, झाडे कलली, घराची दारे अडकू लागली, तर क्षणभरही थांबायचे नाही. आमच्या मुलांना पाढे पाठ करून घेताना मी थकते. इथल्या आयांना हाही एक पाढा घोकून घ्यावा लागतो.

परतीच्या एसटीत दोघे माझ्या अंगावर झोपली. पाय अवघडून गेले, पण मी हलले नाही. घरी आले तो दारात हे हसत उभे. "रंगवाल्याला उद्या बोलावलंय," म्हणाले, "त्या आगगाडीवर एक हात मारून जाईल." मी बॅग खाली ठेवली आणि आधी फोन करून रंगवाल्याला येऊ नको म्हणून सांगितले.

धाकट्याला त्यानंतरही धपाटे बसतात. मी काही संत झालेले नाही. कालच त्याने दुधाचा पेला तिसऱ्यांदा सांडला आणि मी ओरडले. पण ओरडता ओरडता मला ती ओटीवरची म्हातारी आठवली. यंदाच्या दिवाळीत आमच्या घराला रंग नाही. आगगाडीला मात्र एक डबा वाढला आहे. त्याच्या खिडकीत कोळसा हातात घेतलेली एक मुलगी बसली आहे.