सवतीचा टाक आणि रेबेका

मला भुताखेतांच्या, जुन्या वाड्यांच्या गोष्टी आवडतात हे कळलं की लोक अजूनही चमकतात. "अहो बाई, तुम्ही? मराठीच्या बाई?" जणू मराठीच्या बाईंनी रिटायर झाल्यावर हरिपाठ आणि शुद्धलेखन यापलीकडे काही वाचूच नये. असो. आवडतात त्या आवडतात. पण आज लिहायचंय ते या गोष्टींचं टीव्हीवर काय होतं त्याबद्दल.

२०१८ च्या मार्चमध्ये झी मराठीवर 'ग्रहण' ही मालिका सुरू झाली. नारायण धारपांच्या कादंबरीवर बेतलेली, आणि मुख्य भूमिकेत पल्लवी जोशी. आमच्या पिढीला धारप (१९२५-२००८) कोण हे सांगायला नको. सर्क्युलेटिंग लायब्ररीत त्यांच्या पुस्तकासाठी नंबर लावावा लागे, आणि हाती आलं की त्याच्या पानांवर आधीच्या वाचकांच्या हळदीच्या बोटांचे ठसे असत. तेव्हा मी मोठ्या हौसेने जेवणं लवकर उरकून टीव्हीसमोर बसले. सून म्हणाली, "आई, भीती वाटली तर हाक मारा हं."

हाक मारायची वेळ आली नाही. आठवडाभरात मी बसल्या बसल्या मटार सोलू लागले, आणि ज्या गोष्टीसमोर मटार सोलता येतात ती भीतीची गोष्ट नव्हे. काही महिन्यांत मालिका संपलीही. पल्लवी जोशींच्या कामाला मी नावं ठेवणार नाही, अभिनय चांगलाच होता. माझी तक्रार निराळी आहे. धारप काय करतात? एक साधा, तुमच्या-आमच्यासारखा माणूस घेतात. त्याची खोली, त्याचा चहा, त्याची नोकरी. मग त्या खोलीत एक अगदी बारीकशी गोष्ट जागेवरून हलवतात. बाकीचं तुमचं तुम्ही करता. मालिकेला मात्र रोज भाग संपवताना दचकवायचं असतं, आणि रोज दचकवायचं म्हणजे रोज काहीतरी दाखवायचं. दाखवलं की संपलं. पुस्तकात वाचकाच्या डोक्यात जे भूत असतं ते त्याच्याच मापाचं शिवलेलं असतं. टीव्हीवरचं भूत रेडिमेड.

म्हणजे टीव्हीला हे जमतच नाही का? तसं नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची 'गहिरे पाणी' आठवा. तिथे एक कथा संपली की दुसरी, ताणाताणी नाही. बीबीसीने १९७९ मध्ये 'रेबेका' ही अख्खी कादंबरी चार भागांत बसवली होती. चार! आपल्याकडे चार भागांत नायिकेचं कुंकू लावून होत नाही.

'रेबेका'चं नाव निघालंच आहे, तर आता मुद्द्यावर येते. हे माझं सगळ्यात लाडकं पुस्तक. डॅफ्ने ड्यू मॉरिए या इंग्रज बाईंनी लिहिलेलं, १९३८ सालचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक गरीब, बुजरी, एकवीस वर्षांची मुलगी. तिचं लग्न होतं बेचाळिशीतल्या एका श्रीमंत बिजवराशी. तो तिला समुद्राकाठच्या आपल्या मोठ्या घरी, मँडर्लीला, घेऊन येतो. घरात पहिल्या बायकोचा, रेबेकाचा, वावर अजून जागोजाग. तिचा रुमाल, तिचं अक्षर, तिची खोली, तिच्या पद्धतीने ठरणारा स्वयंपाक. आणि तिची एकनिष्ठ कारभारीण, मिसेस डॅनव्हर्स, जी या नव्या मुलीला क्षणोक्षणी जाणवून देते की तू ती नाहीस. पुस्तकात भूत नाही. रेबेका एकदाही समोर येत नाही. आणि सबंध गोष्ट जी सांगते त्या दुसऱ्या बायकोचं नाव लेखिकेने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.

माझं बी. ए. मराठी माध्यमातलं. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी हे पुस्तक दिलं तेव्हा मी पस्तिशीची असेन. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते दोन उन्हाळ्यांत वाचलं. आणि जेवढं वाचून होई तेवढं महालातल्या माहेरी गेले की आईला सांगायची. वाळवणाचे दिवस. गच्चीवर कुरडया घालायच्या, सरगुंडे वळायचे, आणि मी सांगायची मँडर्लीची गोष्ट. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. पण तिला ती गोष्ट माझ्याआधी कळली.

कारण आमची आई बिजवराला दिलेली होती. आमच्या घरातल्या मोठ्यांना हे माहीत आहे, धाकट्यांपैकी कितींना आहे कोण जाणे. बाबांची पहिली बायको बाळंतपणात गेली आणि वर्षाच्या आत सतरा वर्षांची आई त्या वाड्यात आली. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर आणखी एक वस्तू होती, ती म्हणजे सवतीचा टाक. आजच्या मुलींना हा शब्दही ठाऊक नसेल म्हणून सांगते. चांदीचा किंवा सोन्याचा लहानसा पत्रा, त्यावर स्त्रीची आकृती ठोकलेली. पहिली बायको मेली की दुसरीने तो गळ्यात घालायचा. समजूत अशी की गेलेलीचा जीव संसारात अडकलेला असतो, तिला मान दिला नाही तर ती दुसरीलाही नांदू देत नाही. नवं लुगडं आलं तर आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. शिवाय पितृपक्षात अविधवा नवमी. सौभाग्यवती म्हणून गेलेल्या बाईचं श्राद्ध. ते सगळं आईच करायची. सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, आणि स्वयंपाकात पहिलीच्या आवडीचं म्हणे भोपळ्याचं भरीत असायचं. आईला स्वतःला भोपळा आवडत नसे.

तर मी तिला रेबेकाची गोष्ट सांगत होते. मध्येच तिने विचारलं, "हिने टाक घातला होता का?" मी हसले. म्हटलं, "अगं, इंग्रजांत कुठला टाक?" ती म्हणाली, "मग बिचारीला कळणार कसं, की ती कुठे आहे ते. गळ्यात असली म्हणजे निदान घरभर नसते."

एवढं मोठं साहित्य समीक्षणाचं वाक्य मी बी. ए.च्या तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

आणि शेवटी तिने विचारलं, "या दुसरीचं नाव काय गं? तू सांगितलंच नाहीस." मी म्हटलं, "पुस्तकातच नाही." आई काही वेळ कुरडईचा सोऱ्या फिरवत राहिली. मग म्हणाली, "बरोबर लिहिलंय त्या बाईने."

आता सांगा, ज्या पुस्तकाची अशी ओळख झाली त्याचा पडद्यावर कोणी बोऱ्या वाजवला तर जीव तुटणार नाही?

हिंदी सिनेमाने या जातीच्या इंग्रजी कादंबऱ्या पूर्वीच उचलल्या होत्या. 'जेन एअर'वरून १९५२ मध्ये 'संगदिल' आला, 'वुदरिंग हाइट्स'वरून १९६६ मध्ये 'दिल दिया दर्द लिया'. दोन्हींत दिलीपकुमार. आणि 'रेबेका'वरून १९६४ चा 'कोहरा'. वहिदा रेहमान, विश्वजीत, संगीत आणि निर्मिती हेमंतकुमारांची. तो मी नंतर दूरदर्शनवर पाहिला. कारभारणीच्या जागी आपल्या ललिता पवार. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी पुरे! ते सगळं झकास. पण नायिकेला नाव दिलं, राजेश्वरी. आता तुम्ही म्हणाल, सिनेमात हाक तर मारावी लागेल. मान्य. पण नाव मिळालं आणि ती दुसरी बायको उरली नाही, वहिदा रेहमान झाली. एवढ्या देखण्या बाईला कोणाच्या तरी सावलीत राहावं लागतंय हे डोळ्यांना पटत नाही.

हिचकॉकने १९४० मध्ये केलेला चित्रपट त्या मानाने फार सरस. त्यात रेबेका पडद्यावर एकदाही दिसत नाही, तिचा साधा फोटोसुद्धा नाही. पण तिथेही पुस्तकातला नवऱ्याचा गुन्हा सेन्सॉरच्या नियमांपायी अपघात करून टाकला. पुस्तकात तो खुनी आहे, हे या मुलीला कळतं, आणि तरी ती त्याला सोडत नाही. उलट तिला हायसं वाटतं, का, तर याचं पहिलीवर प्रेम नव्हतं! वाचताना अंगावर काटा येतो तो इथे. प्रेमासाठी माणूस किती खाली उतरतं, हे लेखिकेला सांगायचंय. अपघात केला की ते सगळं गेलं.

आणि मग २०२० च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर नवी 'रेबेका' आली. कोरोनाचे दिवस, सगळे घरात. नातीने मोठ्या प्रेमाने टीव्हीवर लावून दिली. "आजी, तुझं पुस्तक!" घर सुंदर, समुद्र सुंदर, कपडे तर विचारूच नका. पण नवरा-बायको जवळजवळ एकाच वयाचे दिसतात. तिच्यापेक्षा दुप्पट वयाच्या, घरात सगळं ठरवणाऱ्या माणसापुढे ही मुलगी का चाचरते, तेच कळेनासं होतं. पुढे तर ती डॉक्टरच्या दवाखान्यात घुसून कागद शोधते, अगदी डिटेक्टिव्ह! आणि शेवटी दोघं कैरोला, एकमेकांच्या मिठीत, खूश. नात म्हणाली, "छान आहे की गं. स्ट्राँग आहे ती." मी म्हटलं, "तेच तर बिनसलंय."

तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, बाईला दुबळी का दाखवायची? तिच्या वयाला ते शोभतंच, मलाही तिने तसंच असावं असं वाटतं. पण बाळे, जी दुबळी होती तिची गोष्ट मग कोणी सांगायची? तिला आजच्या काळाचं धैर्य उसनं देऊन आपण तिच्यावर उपकार करत नाही, तिला दुसऱ्यांदा पुसून टाकतो. माझ्या आईने कुठल्या दवाखान्यात घुसून कागद शोधले नाहीत. तिने चाळीसेक वर्षं भोपळ्याचं भरीत केलं.

शेवटाचंही तसंच. पुस्तकात कादंबरी सुरू होते ती जळून गेलेल्या घराच्या स्वप्नाने. नवराबायको परदेशात हॉटेलांत राहतात, घराचं नाव काढायचं नाही असा त्यांचा अलिखित करार. सुखी आहेत की नाहीत, सांगता येत नाही. हे कळायला जरीपटक्यात राहावं लागतं असं मला वाटतं. आमची ही वस्तीच फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी वसवलेली. १९७५ मध्ये मी लग्न होऊन इथे आले तेव्हा शेजारच्या घरात एक म्हातारी सासू होती. दिवसभर पापड लाटायची, सगळ्यांशी हसून बोलायची, शिकारपूरच्या घराबद्दल अवाक्षर नाही. पण तिची सून मला सांगायची, "टीचरजी, अम्मा रात को नींद में सीढ़ियाँ गिनती है।" त्या घराच्या पायऱ्या. तिला कैरोच्या मिठीचा शेवट दाखवला असता तर ती काय म्हणाली असती?

तर माझ्या मते या रूपांतरांचं चुकतं ते इथे. त्यांना वाटतं की अशा कादंबरीत महत्त्वाचा तो वाडा, ते धुकं, ती मेलेली बाई. ते सगळं ते पैसे ओतून उभं करतात, आणि आपल्या मराठी मालिका तर त्या मेलेल्या बाईला केस मोकळे सोडून, बांगड्या वाजवत फिरवतात. पण वाडा हा नुसता आडोसा आहे. आत एक जिवंत बाई बसलेली आहे, तिला तिच्या घरात स्वतःची जागा सापडत नाहीये, आणि ती हे कोणाला मोठ्याने सांगू शकत नाही. म्हणून ती आपल्याला, वाचकाला, कानात सांगते. पुस्तकाला ते कानात सांगणं जमतं. कॅमेरा तिच्याकडे बाहेरून बघतो, आणि बाहेरून बघणारे तर तिच्या घरात आधीच भरपूर होते.

कोणी मराठीत करणार असेल तर माझी एक मागणी आहे. चार भाग करा. भूत नको. महालातला एखादा वाडा घ्या, आणि एक सतरा वर्षांची मुलगी, जी नवं लुगडं हातात घेऊन आधी देवघराच्या कोनाड्यातल्या आरशासमोर उभी राहते आणि गळ्यातल्या टाकाला ते दाखवते. एवढं एक दृश्य नीट झालं तरी मी मटार बाजूला ठेवीन.

आईचा टाक माझ्याकडे आहे. ती गेल्यावर भावाने विचारलं, याचं काय करायचं, आणि कोणालाच काही सुचेना, म्हणून मी घेऊन आले. आकृती झिजून गुळगुळीत झाली आहे, नाक-डोळे समजत नाहीत. अविधवा नवमीला मी पाट मांडते. एक पान पहिलीसाठी, भोपळ्याच्या भरितासकट. आणि बाबांच्या मागे गेलेल्या आईचा तो मान नसला तरी एक पान आईसाठीही, वांग्याच्या भाजीचं. शास्त्रात बसत असो वा नसो.

आता घरच्या मंडळींना एक प्रश्न, दोन गुणांचा. लग्नात आईचं नाव बदललं होतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिचं माहेरचं नाव काय होतं? आणि जी आपल्या जन्माआधीच गेली, जिच्यासाठी आईने एवढी वर्षं सवाष्ण जेवू घातली, तिचं? मला दोन्ही माहीत आहेत, पण मी इथे लिहिणार नाही. फोन करा आणि तुम्ही सांगा. आठवत नसेल तर मोठ्यांना विचारा. विचारायला मोठी माणसं आता थोडीच उरली आहेत, तेव्हा उशीर करू नका.