आधी सूत

राणीच्या बागेत पेंग्विन पाहायला आलेल्यांच्या तोंडून एक शब्द हमखास ऐकू येतो, "एवढासाच?" काचेपलीकडचा हंबोल्ट पेंग्विन असतो दोन फुटांहून जरा उंच, वजनाला चार-पाच किलो. जुलै 2016मध्ये सोलहून असे आठ पक्षी भायखळ्याला आले. त्यांतला एक ऑक्टोबरात दगावला. मार्च 2017पासून बाकीचे लोकांना बघायला मिळू लागले. तेव्हापासून प्राणिशास्त्राच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथे घेऊन जात आले. पोरांच्या मनातला पेंग्विन बर्फावर उभा असतो आणि चांगला कमरेच्या वर येतो. तो एम्परर. हंबोल्ट पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, त्याला बर्फाचं काही घेणंदेणं नाही. पोरांची निराशा झाली की मी त्यांना काचेसमोर बसवते आणि पंखाची ठेवण, चोचीचा आकार, छातीवरचा काळा पट्टा पाहायला सांगते. उंचीविषयी शेवटी बोलू, म्हणते.

ही रीत मला कुठल्याही विद्यापीठाने शिकवलेली नाही. ती लालबागच्या आमच्या चाळीतल्या दादांची.

दादा आमचे नात्याने कुणी नव्हते. गॅलरीत दोन खोल्या सोडून राहायचे. मूळचे कणकवलीकडचे, कामाला लालबागच्याच एका गिरणीत, फोल्डिंग खात्यात. तयार कापड तिथे येई. ते तपासायचं, दोष हेरायचे, प्रतीप्रमाणे वेगळं करायचं, घड्या घालायच्या, शिक्के मारायचे. चिमटीत कापड धरून दादा डोळे मिटून सांगत की हे अमक्या सुताचं. मराठी सातवीपर्यंत शिकलेले, पण छापलेलं काहीही वाचल्याशिवाय टाकत नसत. रविवारी चाळीतली पोरं गोळा करून आंबेडकर रस्त्याने सरळ राणीच्या बागेत. प्रत्येक पिंजऱ्यापाशी थांबून पाटी मोठ्याने वाचायची, हा त्यांचा दंडक होता.

1982च्या जानेवारीत एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या आणि माझ्या मनात त्या कायमच्या जोडल्या गेल्या. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघालेली पहिली भारतीय मोहीम 9 जानेवारीला अंटार्क्टिकाला पोचली. आणि 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं एका दिवसात रिकामी. भोंगे थांबले. दादांना सकाळ-दुपार-रात्र सगळी मोकळी मिळाली, आणि हातांना सवय होती निवडण्याची.

त्यांनी आम्हा पोरांकडून एक वही करून घेतली. वर्तमानपत्रांतली, रद्दीवाल्याकडच्या जुन्या इंग्रजी मासिकांतली प्राण्यांची चित्रं कापायची आणि कोण कुणाचा ते ठरवून चिकटवायची. गॅलरीत भांडणं व्हायची. एकाने शहामृग, एमू आणि पेंग्विन एका पानावर घेतले, कारण तिघांना उडता येत नाही. दादांनी चित्रं हातात घेतली, पेंग्विनच्या पंखावर बोट ठेवलं आणि विचारलं, ह्याने हा पंख टाकलाय की कामाला लावलाय? मग मोठे पेंग्विन एका पानावर आणि लहान दुसऱ्या पानावर लावावेत अशी टूम निघाली. त्यावर ते जे म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं : "बाय, लांबी मागीर मोजूची. आधी सूत बघूचा."

त्या संपात घराघरांत काय चाललं होतं हे मी इथे सांगत नाही, लालबाग-परळला ते सांगावं लागत नाही. संपाचं दुसरं वर्ष उलटायच्या आत दादा गावी गेले, परत आले नाहीत. पुढे मी जे काही शिकले ते त्यांच्या त्या एका वाक्याला जोडून पाहत गेले.

पेंग्विनचे सर्वांत जवळचे नातलग शहामृग नव्हेत, अल्बट्रॉस आणि पेट्रेल हे समुद्रावर दूरवर उडणारे पक्षी. पेंग्विनने पंख टाकला नाही, पाण्यात उडायला लावला. इतर पक्ष्यांची हाडं पोकळ आणि हलकी, याची भरीव. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दादांना कार्ड लिहिलं, आणि त्यांच्या उत्तरात पेंग्विनबद्दल दोनच ओळी होत्या, बाकी सगळी माझ्या जेवणाची चौकशी.

आज हयात असलेले मोठे पेंग्विन दोनच, किंग आणि एम्परर, दोघेही ॲप्टेनोडायटिस या प्रजातीतले. मिलर यांनी 1778मध्ये किंगचं वर्णन केलं. एम्परर वेगळा आहे हे ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रे यांनी 1844मध्ये नोंदवलं, म्हणजे साठाहून अधिक वर्षं दोघे एकाच नावाखाली होते. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवरचे निसर्गशास्त्रज्ञ योहान राइनहोल्ट फॉर्स्टर यांचं नाव ग्रे यांनी एम्पररला दिलं. आपल्याआधी ज्याने पाहिलं त्याचं ऋण शास्त्रीय नावात बांधून ठेवण्याची ही पद्धत मला फार आवडते. उलट दिशेचा घोळही झाला. किंगचं पिल्लू तपकिरी, दाट लवीचं, आणि आईबापांएवढं दांडगं दिसतं, म्हणून जुन्या दर्यावर्दींनी त्याला निराळाच 'लोकरी पेंग्विन' ठरवून टाकलं होतं.

दोघे घरटं बांधत नाहीत, एकच अंडं पायांवर घेऊन पोटाच्या घडीखाली उबवतात. पण संसार वेगळे. किंग अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या बेटांवर राहतो, दक्षिण जॉर्जिया, क्रोझे, केर्गेलेन इथे, आणि पिल्लाला वर्षाहून अधिक काळ वाढवतो. एम्परर ऐन ध्रुवीय हिवाळ्यात बर्फावर अंडं घालतो. मादी समुद्राकडे जाते आणि नर सुमारे 65 दिवस उपाशी उभा राहतो. किंग 11 ते 16 किलोचा, एम्परर 40 किलोपर्यंत सहज जाणारा.

1982च्या त्या वहीत नसलेली पानं नंतर जमिनीतून निघाली. खरं तर पहिलं फार आधी निघालं होतं. 1859मध्ये थॉमस हक्स्ली यांनी न्यूझीलंडहून आलेल्या पायाच्या एकाच हाडावरून एक लुप्त पेंग्विन ओळखला आणि त्याला पॅलीयुडिप्टिस हे नाव दिलं. पेंग्विनच्या पायाचं ते हाड आखूड, रुंद, इतर पक्ष्यांसारखं एकजीव न झालेलं असतं. तेवढ्यावर जात कळली. एका हाडाचं सूत! गेल्या वीस वर्षांत तर रांगच लागली. 2006मध्ये वायमानू, सहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तोही आजच्या कुठल्याही पेंग्विनपेक्षा मागे राहणारा नव्हे, चांगला उंचापुरा. अंटार्क्टिकाजवळच्या सीमोर बेटावरचा एक तर चोचीपासून पायाच्या बोटापर्यंत दोन मीटर भरेल असा अंदाज 2014मध्ये मांडला गेला.

आणि राणीच्या बागेतल्या त्या "एवढासाच"च्या माहेरी, पेरूच्या किनाऱ्यावर, सुमारे 3 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी माणसाच्या छातीला लागतील असे पेंग्विन होते. इकाडिप्टिसचं वर्णन 2007मध्ये आलं, इंकायाकूचं 2010मध्ये. इंकायाकूची पिसंही दगडात टिकली होती. त्यांतल्या रंगद्रव्याच्या कणांवरून कळलं की तो काळा-पांढरा नव्हता, करडा आणि तांबूस तपकिरी होता. पारकासच्या त्या वाळवंटी किनाऱ्यावर आज छोटे हंबोल्ट बिळं खोदून राहतात. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मला स्वतःला अजून भरून येतं.

मग हे दांडगे एम्पररचे आजोबा का? नाहीत. हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. आज हयात असलेल्या साऱ्या पेंग्विनांचा सामाईक पूर्वज या राक्षसी पक्ष्यांच्या बऱ्याच नंतरचा. ते सगळे बाजूच्या, खुंटलेल्या फांद्यांवर बसतात. मोठं होणं पेंग्विनांत पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या घराण्यांत घडलं आणि एम्परर हा त्यातला अगदी अलीकडचा. थंडीमुळे मोठे झाले असंही सरसकट म्हणता येत नाही, कारण आरंभीचे दांडगे न्यूझीलंडच्या तेव्हाच्या उबदार समुद्रात पोहत होते. ते का संपले यावर व्हेल आणि सील यांच्या स्पर्धेकडे बोट दाखवलं जातं. ॲप्टेनोडायटिसची फांदी बाकी सगळ्यांच्या आधी एकटीच फुटली, की ॲडेली पेंग्विनच्या घराण्याबरोबर जोडीने, यावर जनुकं वाचणाऱ्यांचंही अजून एकमत नाही. उंचीप्रमाणे पानं लावणाऱ्याला हा वाद दिसणारच नाही.

1908च्या सुमारास गिरगावातल्या खेतवाडीत राहणारा सालिम अली नावाचा मुलगा मारलेली एक चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला, तेव्हा तिथल्या मिलार्ड यांनी त्याला कपाटांचे खण उघडून पक्षी दाखवले. सालिम अलींनी ते ऋण जन्मभर बोलून दाखवलं. दादांपाशी कपाट नव्हतं. चाळीच्या गॅलरीत, पगार बंद असताना, खळ करून ते पानं चिकटवत बसायचे. मला हे त्या खणांपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही, आणि ते छापून यावं म्हणून मी लिहिते आहे.

दादा गेले तेव्हा वायमानू अजून दगडात होता. त्यांची नात आता सिंधुदुर्गात शाळेत विज्ञान शिकवते. फेब्रुवारी 2023मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो किनाऱ्यावरच्या कुमिमानू फोर्डीसेईची बातमी आली, साडेपाच कोटी वर्षांहून जुना, सुमारे 150 किलोचा पेंग्विन. मी ती तिला धाडली. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन : "ताई, वजन राहू दे. सापडलं काय काय ते आधी सांगा." मी सांगितलं, दंडाचं हाड मुख्य, सोबत थोडे तुकडे. आजच्या पेंग्विनांची तीच हाडं आणि त्यांची वजनं मोजून प्रमाण काढलं आणि त्यावरून अंदाज बांधला. "म्हणजे पुढे अख्खा सांगाडा मिळाला तर आकडा हलेल?" हलेल, म्हटलं. मग तो पेंग्विनच हे कशावरून, असं तिने विचारलं, आणि आम्ही दोघी त्या हाडाच्या आकाराविषयी बराच वेळ बोलत राहिलो.