गोळी निवडावी, ती नळीला विचारून

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं आणि महाराष्ट्रातून मला येणारे फोन वाढले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला, रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी केलेला. तो ऑलिंपिकच्या व्यासपीठावर जाऊ शकतो, तर आपलं पोर का नाही, असं शेकडो घरांना वाटलं आणि ते रास्तच आहे. फोनवर बहुतेक वेळा कुणाचे तरी वडील असतात. मुलगी जिल्ह्याच्या क्लबात एअर रायफल मारत होती, आता पॉइंट टू-टूवर आली आहे. "मॅडम, सगळ्यात चांगली गोळी कोणती तेवढं सांगा. पैशाचं आम्ही बघतो."

मी भोपाळला असते. नेमबाजांच्या रायफली जुळवून देणं, नळ्या तपासणं आणि कुठल्या नळीला कुठली गोळी मानवते ते शोधणं हे माझं काम. शहराबाहेर गोरा गावाजवळ मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमीची रेंज आहे. खरगोनचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर याच अकादमीत घडला. मार्च २०२३ मध्ये इथे रायफल-पिस्तूलचा विश्वचषक झाला आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने एअर रायफलमध्ये कांस्य मिळवलं. पॅरिसच्या संघासाठी मे २०२४ मधल्या शेवटच्या निवड चाचण्याही इथेच झाल्या. त्यामुळे देशातल्या उत्तम नळ्या आणि उत्तम गोळ्या वर्षातून कधी ना कधी या गावातून जातात.

बंदूक म्हटली की लोकांच्या मनात आधी शिकार येते. भोपाळात तर येणारच. इथल्या नवाबांच्या शिकारीच्या गोष्टी जुन्या शहरात अजून सांगितल्या जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय मिटवला आणि ते उत्तम झालं. आपल्याकडे साधा कोल्हासुद्धा कायद्याने संरक्षित आहे. अमेरिकेत मात्र कोल्ह्याचाच भाऊबंद असलेल्या कायोटीची शिकार बहुतेक राज्यांत कायदेशीर आहे आणि तिथे स्थायिक झालेले मराठी नातेवाईक मला शेजाऱ्यांच्या गोळ्यांबद्दल विचारत असतात. त्या शिकाऱ्याचं गणित वेगळं. तो पॉइंट टू-टू-थ्री किंवा टू-टू-टू-फिफ्टीसारखं काडतूस घेतो. गोळी पन्नास-पंचावन्न ग्रेनची, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमची, पण वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या वर. वेग एवढा असला की दोनशे मीटरपर्यंत गोळी जवळजवळ सरळ जाते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावतं. कातडं विकायचं असेल तर तो कमी फुटणारी गोळी घेतो, नसेल तर पातळ कवचाची, लागताच फुटणारी. त्याला नेम धरायची जागा तळहाताएवढी असते. आमचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा आहे आणि तो ५० मीटरवर आहे. शिकाऱ्याला जोर हवा, आम्हाला सारखेपणा हवा. साठच्या साठ गोळ्या एकसारख्या निघाल्या पाहिजेत, एवढीच आमची मागणी आणि ती पुरवणं फार अवघड आहे.

का अवघड, ते काडतूस हातात घेतलं की समजतं. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलं आहे. पितळेची पातळ नळकांडी, वर चाळीस ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी. गोळीवर कवच नसतं. मेण किंवा चरबीचा हलका थर असतो, तो बोटाला चिकटतो. बुडाला बाहेर आलेली कड दिसते. या काडतुसाला मोठ्या काडतुसांसारखी मधोमध वेगळी टोपी नसते. पेटणारं मिश्रण ओलं असताना बुडात टाकतात आणि नळकांडं गरगर फिरवून ते त्या कडेच्या पोकळीत चहूकडे पसरवतात. पिन कडेवर आदळते आणि तिथलं मिश्रण पेटतं. ते एका बाजूला जरा जास्त, दुसरीकडे जरा कमी पसरलं की दारू पेटण्यात फरक, दारूच्या जळण्यात फरक, मग वेगात फरक.

वेगातला फरक कागदावर किती दिसतो? स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला असतो, कारण ध्वनीची सीमा ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात ती बारा सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात दहा मीटरचा फरक पडला, तर एक दुसरीपेक्षा सात-साडेसात मिलिमीटर खाली लागेल. दशांशाच्या मोजणीत ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. नेमबाजाने श्वास धरला, नाडीच्या दोन ठोक्यांमध्ये ट्रिगर सोडला, काही चुकलं नाही आणि तरी १०.८ च्या जागी ९.९ लागला. अंतिम फेरीत गुण दशांशातच मोजतात. स्वप्निलचे ४५१.४ होते, सुवर्णपदक ४६३.६ ला गेलं.

म्हणून नावाजलेले कारखाने काडतुसं करून मोकळे होत नाहीत, मारून बघतात. इंग्लंडची एली, लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस या आमच्या क्षेत्रातल्या मोठ्या नावांची सगळ्यात महाग गोळी आणि तिच्या खालच्या दर्जाची गोळी पुष्कळदा एकाच साच्यातून निघते आणि चाचणीत तिचं नाव ठरतं. प्रत्येक खोक्यावर लॉटचा क्रमांक असतो. लॉट म्हणजे एकाच यंत्रावर, एकाच कच्च्या मालातून, एका वेळी झालेला माल. एलीच्या खोक्यावर तर त्या लॉटचा वेगही फुटांत छापलेला असतो. माझ्या दृष्टीने खोक्यावरची सगळ्यात महत्त्वाची छपाई म्हणजे तो क्रमांक. ब्रँडचं नाव त्यानंतर.

कारण लॉटही सगळ्या नळ्यांना सारखा मानवत नाही. एकाच वाणाचं बियाणं एका रानात उतरतं आणि बांधापलीकडे उतरत नाही, तसंच हे. गोळी नळीतून जाताना नळी कंप पावते आणि तिचं तोंड अगदी किंचित वर-खाली होतं. तोंड वर जात असताना गोळ्या बाहेर पडत असतील, तर हळू गोळी थोडी उशिरा, म्हणजे थोड्या वरच्या कोनातून निघते आणि तिची जास्तीची घसरण आपोआप भरून निघते. तोंड खाली येत असताना निघाल्या तर उलट, फरक वाढून दिसतो. कुठल्या वेगाची गोळी नेमकी केव्हा निघेल, हे नळीची लांबी, जाडी आणि तिचा घाट यांवर ठरतं. हे गणित कागदावर मांडून पुरत नाही, मारूनच पाहावं लागतं. शेजारच्या नेमबाजाला सोन्यासारखा चालणारा लॉट तुमच्या रायफलीत पसरट ग्रुप, म्हणजे भोकांचा पसरट पुंजका, देतो तो यामुळे. 'अमुक ऑलिंपियन हीच गोळी वापरतो' या वाक्याला काही अर्थ उरत नाही तोही यामुळेच.

चाचणी कशी करावी, ते जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. नळी स्वच्छ करून सुरुवात करावी. मग पहिल्या लॉटच्या दहा-पंधरा गोळ्या मोजणीत न धरता माराव्यात. स्वच्छ नळीत त्या लॉटच्या मेणाचा थर बसेपर्यंत ग्रुप खरा नसतो. दुसरी कंपनी लावताना हेच पुन्हा करायचं, कारण मेण बदललं. रायफलीचा वरचा भाग शिकंज्यात पक्का धरून मारलं तर माणसाची चूक वजा होते. शिकंजा नसेल तर प्रोन पोझिशनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून, पट्टा लावून, हात बसलेल्या नेमबाजाकडून मारून घ्यावं. प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप हवेत. पाच गोळ्यांचा सुंदर ग्रुप बघून लॉट विकत घेणाऱ्यांना मी कळकळीने थांबवते. पाच गोळ्या योगायोगानेही एका भोकात जातात, चाळीस जात नाहीत.

वेळ पहाटेची. भोपाळात तलावामुळे आणि उघड्या पठारामुळे दिवस चढला की वारा दिशा बदलत राहतो. सेकंदाला एक मीटर इतकी आडवी झुळूक, जी गालाला जेमतेम जाणवते, ती या गोळीला सहा-सात मिलिमीटर ढकलते. एक गुण जवळजवळ तिथेच गेला. मे महिन्यात पारा चाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा खोकी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. मेण मऊ होतं, दारूही तापते आणि थंडीत जमवलेला हिशेब उन्हाळ्यात बिघडतो. लॉट शक्यतो दोन ऋतूंत तपासावा. स्पर्धेच्या दिवशी गोळ्या सावलीत ठेवाव्यात आणि तापलेल्या नळीत गोळी भरून नेम धरत बसू नये.

मग कागद वाचायचा. माझं सगळ्यात आवडतं काम हेच. भोकं उभ्या रेषेत पसरली असतील तर वेग सारखा नाही किंवा त्या नळीला तो वेग मानवत नाही. आडवी पसरली तर बहुधा वारा, नाहीतर पकड ढिली. घड्याळाच्या दहापासून चारकडे तिरपी रेघ दिसली तर गोळीला दोष देऊ नका. उजव्या पिळाच्या नळीतून फिरत निघालेली गोळी उजवीकडून वारा आला की डावीकडे सरकते आणि जरा वर चढते, डावीकडून आला की उजवीकडे आणि जरा खाली जाते. ती रेघ वाऱ्याने काढलेली असते. नऊ भोकं एकात एक आणि दहावं एकटंच बाहेर, असं वारंवार झालं तर मात्र तो लॉट सोडावा, कितीही महाग असला तरी. सगळ्या गोळ्या थोड्या पसरलेल्या पण गोल ग्रुपमध्ये असतील तर मी तो लॉट पत्करते, कारण नेमबाज त्यावर विसंबू शकतो. एकट्या भरकटणाऱ्या गोळीवर कुणालाच विसंबता येत नाही आणि तिच्यामुळे पोराला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं. उगीच पोझिशन बदलली जाते, ट्रिगर बदलला जातो, प्रशिक्षकावरचा विश्वास डळमळतो. नेमबाजाच्या मनाचं होणारं हे नुकसान मला गुणांपेक्षा मोठं वाटतं.

आता पैशाचं. स्पर्धेच्या गोळ्या परदेशातून येतात, परवान्याच्या आणि कोट्याच्या वाटेने येतात, आणि हातात जो लॉट पडेल तो घ्यावा लागतो, असा बहुतेकांचा अनुभव आहे. सरावाला महाग गोळी लागत नाही. पोझिशन बसवणं, ट्रिगर, श्वास, बोल्ट चालवण्याची लय, हे सगळं मधल्या दर्जाच्या गोळीवर शिकता येतं आणि मुळात बरंचसं गोळीशिवाय, रिकाम्या रायफलीवर होतं. महाग खोकी स्पर्धेसाठी आणि स्पर्धेआधीच्या आठवड्यासाठी. मधल्या दर्जाचा चांगला जुळलेला लॉट न जुळलेल्या सर्वोत्तम गोळीपेक्षा सरस ठरल्याचं मी माझ्या कामाच्या टेबलावर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून फोनवरच्या वडिलांना मी कधीच गोळीचं नाव सांगत नाही. तीन-चार वेगवेगळ्या लॉटची दोन-दोन खोकी मिळवा, मुलीच्याच रायफलीतून मारून बघा, कागद जपून ठेवा, त्यावर लॉट, तारीख आणि तापमान लिहा, आणि मग जुळेल त्याची शक्य तेवढी खोकी एकदम घ्या, असं सांगते.

एका घराला हे झेपत नाही, हे मला माहीत आहे. तिथेच क्लबांनी आणि जिल्हा संघटनांनी पुढे यायला हवं. दहा घरांनी मिळून मागणी नोंदवली तर चार लॉट मागवता येतात आणि एका शिकंज्यावर दहाही रायफली तपासता येतात. ज्याला जो लॉट मानवेल तो त्याने घ्यावा, अदलाबदल करावी. शिकंजा बनवणं गावातल्या कुठल्याही चांगल्या लेथवाल्याला जमतं. मोजमापं मी पाठवीन. कोल्हापुराने तेजस्विनी सावंत दिली, जी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, आणि आता स्वप्निल दिला. राधानगरीत, चंदगडात, चिखलीत, किनवटात अशी पोरं आणखी आहेत. या दिवाळीत क्लबाच्या बैठकीत हा विषय काढा आणि हातातल्या प्रत्येक खोक्यावरचा लॉट क्रमांक वहीत उतरवायला आजपासूनच सुरुवात करा.