अग्रेषित

केंद्र सरकारच्या चाकरीत, त्यातही हिंदी मुलखात, मराठी माणसाच्या अंगवळणी एक शब्द फार लवकर पडतो. तो शब्द म्हणजे 'अग्रेषित'. कागद आला, वाचला, त्यावर 'अग्रेषित' लिहून सही ठोकली, की तो कागद आपला उरत नाही. जबलपूर जिल्ह्यातल्या या मझौली गावी, टपालाच्या खिडकीमागे बसून, मीही तो शब्द पुष्कळदा लिहिला आहे.

त्याचा खरा अर्थ मात्र मला एका यंत्राने शिकविला. जबलपूरचे माझे एक स्नेही संगणकांच्या जाळ्याची देखभाल करतात. त्यांनी मला 'मॉड्युलर स्विच' नावाचे एक कपाट दाखविले. त्याच्या खणांत कार्डे बसविलेली असतात. एक मुख्य नियंत्रक, त्याचा एक बदली सोबती, आणि बाकीची 'लाइन कार्डे'. बाहेरच्या तारा येतात त्या या लाइन कार्डांत. मला वाटले, प्रत्येक संदेश आधी नियंत्रकापुढे जात असेल. पूर्वीच्या कित्येक यंत्रांत तसेच होते. वर्दळ वाढली की सारा भार त्या एकट्यावर पडे.

आता व्यवस्था निराळी आहे. नियंत्रक शेजारच्या यंत्रांशी बोलून कोणती वाट कोठे जाते याची सूची तयार करतो आणि तिची एकेक प्रत प्रत्येक लाइन कार्डावर ठेवतो. संदेशाचे पुडके आले की ते कार्ड स्वतःच पत्ता वाचते, सूचीत त्याच्याशी सर्वांत अधिक जुळणारी नोंद शोधते, आणि कोणत्या कार्डाच्या कोणत्या दारातून ते बाहेर जावे हे ठरविते. मधल्या जोडमार्गाने पुडके तेथे पोचते. ते दुसरे कार्ड त्यावर पुढच्या मुक्कामाची खूण घालून ते सोडून देते. हे सेकंदाला कोट्यवधी वेळा घडते आणि नियंत्रकाला त्याची वार्ताही नसते.

टपालखात्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या संस्कृत पंडित अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला, त्याचे मर्म हेच. चेन्नईच्या छाननीदाराला मझौली ठाऊक असण्याचे कारण नाही. आरंभीचे अंक पाहून थैली कोणती ते त्याला कळते. पुण्याचा ४११ आणि आमचा ४८३, दोहोंचा पहिला अंक एकच, ही गोष्ट मला परमुलखात उगीचच सुखावते.

मग कागदच का अडतात? वडील गेल्यावर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद एका कचेरीत अकरा महिने फिरला. नियम पहिल्याच मेजावर होता, अधिकारही तेथेच होता. तरी प्रत्येकाने 'अग्रेषित' लिहिले. त्या अकरा महिन्यांत आईने हातातल्या पाटल्या मोडल्या. संदेशाच्या पुडक्यावर एक अंक असतो. वाटेतल्या प्रत्येक मार्गदर्शक यंत्रात तो एकाने घटतो, आणि शून्य झाला की पुडके तेथेच टाकून देऊन बहुधा धाडणाऱ्याला तसे कळविले जाते. निरर्थक भ्रमंतीला यंत्रांनीदेखील मर्यादा घातली आहे. कागदाच्या कपाळी असा अंक नसतो.

कोणी म्हणेल, प्रत्येक कारकून निर्णय घेऊ लागला तर अनागोंदी माजेल. परंतु लाइन कार्ड स्वच्छंदी नाही. ते सूचीबाहेर पाऊल टाकीत नाही, आणि खास अपवाद तेवढे वर नियंत्रकाकडे धाडते. चांगल्या व्यवस्थेत नियंत्रक बंद पडला तरी, सोबती सूत्रे हाती घेईपर्यंत, कार्डे हातच्या सूचीवर काम चालू ठेवतात. अट एवढीच की सूची वेळेवर खाली पोचली पाहिजे. शिळी सूची हाती असलेले कार्ड तितक्याच तत्परतेने भलत्या दारी पाठविते. परिपत्रके वरच्या कपाटात कुलूपबंद ठेवून खालच्याला भित्रा म्हणणे न्यायाचे नव्हे.

तथापि एक भेद उरतोच. पुडक्यात काय आहे हे कार्डाला ठाऊक नसते. आमच्या खिडकीपुढे मात्र माणूस उभा असतो. म्हणून अलीकडे मी परिपत्रकांची धारिका हाताशी ठेवतो. कागद नियमात बसला आणि अधिकार माझा असला, तर त्यावर निर्णय लिहितो. न बसला तर वर पाठवितो. पण का पाठवीत आहे, हे दोन ओळींत लिहून, आणि उभ्या असलेल्या माणसाला तो कोणत्या मेजावर जाणार हे सांगून.